पाऊस बाहेर, हवा आत: घरी बनवलेला हवेचा सेन्सर पावसाळ्यात कसा टिकवाल?



जोडणी तुम्ही व्हिडिओत पाहिली असेलच. पण बारा मिनिटांत सगळं सांगून होत नाही, म्हणून उरलेलं इथे सविस्तर लिहिते. सुरुवात माझ्या चुकीपासून करते, कारण त्या चुकीची फी मी भरली आहे. तुम्ही भरू नका.

दोन वर्षांपूर्वीची जुलैतली सकाळ. सव्वासातला फोन वाजला. माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून एक काकू पाळणाघर चालवतात. त्यांच्या गच्चीवर मी हवेचा सेन्सर लावून दिला होता. माझी पहिली ऑर्डर! काकू घाबरलेल्या आवाजात म्हणाल्या, "अगं, आकडा तीनशे ऐंशी दाखवतोय. मुलांना येऊ देऊ की नको?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. भुरभुर पाऊस चालू. रात्रभर पडलेला. वर्षभरात नाशिकची हवा सगळ्यात धुतलेली असते ती याच दिवसांत, आणि माझा डबा सांगत होता की बाहेर विष आहे. तोवर काकूंनी आकड्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकलाही होता. त्या दिवशी अठरापैकी पाच मुलं आली. दुसऱ्या दिवशी एका आईने काकूंना विचारलं, "हे असं कधीपासून आहे? आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

मी डबा काढून आणला आणि पैसे परत केले. पैशाचं दुःख एक वेळ सोडा. पण काकूंनी इतक्या वर्षांत जमवलेला पालकांचा विश्वास माझ्या एका डब्याने एका सकाळी हलवला, ते मला खूप लागलं.

नेमकं चुकलं कुठे?

आमचं दुकान इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरचं. त्यामुळे पावसापासून वाचवायचं म्हटल्यावर मी दुकानातला सगळ्यात चांगला आयपी ६५ जंक्शन बॉक्स घेतला. या आकड्यांचा अर्थ असा: पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही, दुसरा ५ म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी पाणी आत जाणार नाही.

आता विचार करा. जो सेन्सर धूळ मोजण्यासाठी आहे, त्याला मी धूळ आत न येणाऱ्या डब्यात बंद केलं! मग लक्षात आल्यावर बाजूला दोन भोकं पाडली. झालं. भोकातून दमट हवा आत गेली, रात्री डबा गार पडला, आतल्या भिंतींवर पाणी धरलं, आणि ते बाहेर जायला वाटच नव्हती. सेन्सर दमट हवेतलं पाणी धूळ म्हणून मोजत बसला.

म्हणून या लेखातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या: बाहेरचा सेन्सर सील करायचा नसतो, त्याला छत द्यायचं असतं. पाऊस बाहेर राहिला पाहिजे आणि हवा मात्र खेळती राहिली पाहिजे. हवामान खात्याच्या वेधशाळेत तुम्ही ती पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची लाकडी पेटी पाहिली असेल. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह इंजिनिअरने १९व्या शतकात ती तयार केली. ऊन आणि पाऊस अडवायचा, वारा अडवायचा नाही, हीच तिची युक्ती. आपल्यालाही तेच करायचंय, फक्त प्लंबिंगच्या सामानात.

सेन्सर मोजतो काय?

थोडक्यात सांगते. आत एक छोटा पंखा हवा ओढतो. हवेतल्या कणांवर लेझरचा प्रकाश पडतो, कण तो प्रकाश विखुरतात, आणि समोरचा डोळा तो विखुरलेला प्रकाश पाहून कणांचा अंदाज बांधतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा.

यातली मेख अशी: सेन्सर कणाचं वजन करत नाही, तो फक्त चमक पाहतो. दमट हवेत धुळीचा कण पाणी पिऊन फुगतो. धुक्याचा थेंब तर नुसताच पाण्याचा असतो. लेझरला दोन्ही सारखेच. सरकारी केंद्रातली मोठी यंत्रं आत घेतलेली हवा आधी तापवून कोरडी करतात आणि मग मोजतात. आपल्या स्वस्त सेन्सरात ती सोय नाही. हे पक्कं डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

सामानाची यादी आणि खर्च

भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. मला पडलेला साधारण हिशोब असा:

- एसडीएस०११ धूळ सेन्सर: २,२०० ते २,८०० रुपये
- नोडएमसीयू ईएसपी८२६६ बोर्ड: ३५० ते ४५०
- बीएमई२८०, तापमान आणि आर्द्रतेसाठी: ३०० ते ४५०
- पीव्हीसीचे दोन बेंड, क्लॅम्प, स्टीलची जाळी: ३५० ते ४००
- ५ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि केबल: ५०० ते ६००
- ६ मिलीमीटरची लवचीक नळी, केबल टाय, जंपर वायर: १५० ते २००

एकूण ३,८५० ते ४,९००. सेन्सर आणि बोर्ड ऑनलाइन मागवा, किंवा मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोडला, पुण्यात गेलात तर तपकीर गल्लीत हाताळून घ्या. बाकीचं सामान तुमच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

खरेदीत तीन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, बीएमई२८० मागितला की बऱ्याचदा बीएमपी२८० हातात येतो. दिसायला अगदी जुळा भाऊ! पण बीएमपी आर्द्रता मोजतच नाही. आणि आपल्याला तीच हवी आहे. घेताना विचारून घ्या, आल्यावर तपासून घ्या.

दुसरं, ॲडॉप्टर. फुटपाथवरचा ऐंशी रुपयांचा नको. बीआयएसचा मार्क पाहून घ्या. हा चोवीस तास चालू राहणार आहे, तेही कुणाच्या तरी घरात.

तिसरं, बेंड. नळाचा छोटा एल्बो नाही, सांडपाण्याच्या लाइनला वापरतात तो एसडब्ल्यूआरचा बेंड. एसडीएस०११ हा ७१ बाय ७० मिलीमीटरचा चौकोनी तुकडा आहे, जाडी २३. ७५ मिलीमीटरच्या बेंडच्या सॉकेटमध्ये तो जेमतेम बसतो, आणि पाइप जाड भिंतीचा निघाला तर बसतच नाही. त्यामुळे सेन्सर पिशवीत घेऊनच दुकानात जा आणि बसवून बघा. नाही बसला तर सरळ ११० मिलीमीटरचा घ्या. दुकानदार हसेल, हसू द्या.

जोडणी: पाच वायरी आणि चार वायरी

दोन बेंडच्या घराची ही कल्पना माझी नाही. जर्मनीत श्टुटगार्ट शहरात २०१५ साली काही हौशी लोकांनी हवा मोजायचा प्रकल्प सुरू केला, तो आज सेन्सर कम्युनिटी या नावाने जगभर चालतो. त्यांनीच हे प्लंबिंगचं घर लोकप्रिय केलं. त्यांचा तयार प्रोग्रॅमही फुकट मिळतो, एअररोर नावाचा. मी तोच वापरते, म्हणून पिना त्यानुसार देते.

एसडीएस०११ साठी:
- टीएक्स ते डी१
- आरएक्स ते डी२
- जीएनडी ते जीएनडी
- ५ व्होल्ट ते व्हीयू. बोर्ड आवृत्ती ३ असेल तर व्हीयू, आवृत्ती २ असेल तर व्हिन.

या सेन्सरला ३.३ व्होल्ट देऊ नका, पंखा नीट फिरणार नाही.

बीएमई२८० साठी:
- व्हीसीसी ते ३.३ व्होल्ट
- जीएनडी ते जीएनडी
- एसडीए ते डी३
- एससीएल ते डी४

वर पाच वायरी म्हटलं आणि यादीत चारच आहेत ना? पाचवी म्हणजे बोर्डाला वीज देणारी यूएसबी केबल. ती विसरणारे मी पाहिलेत!

प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरून एकदाच बोर्डात टाकायचा. मग बोर्ड स्वतःचं एक वायफाय सुरू करतो. फोन त्याला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाका, घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरा. झालं. सगळं टेबलवर चालू करून एक दिवस घरातच ठेवा. पाइपात कोंबल्यावर चूक शोधणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणं.

आणखी एक हिशोब. एसडीएस०११ मधल्या लेझरचं आयुष्य कंपनी साधारण ८,००० तास सांगते. चोवीस तास चालवला तर ३३३ दिवस, म्हणजे वर्षसुद्धा नाही. पण दर अडीच मिनिटांनी फक्त अर्धा मिनिट चालवला तर पाचवा हिस्साच खर्च होतो आणि कागदावर साडेचार वर्षं निघतात. एअररोर सेन्सरला मध्ये मध्ये झोपवतो, त्यामुळे हे आपोआप होतं. स्वतःचा कोड लिहिणार असाल तर ही झोप विसरू नका.

आता मुख्य काम: छत

१. उलटा यू. दोन बेंड एकमेकांत बसवा, दोन्ही तोंडं जमिनीकडे. वरून पडणारा पाऊस आत जायला रस्ताच राहत नाही. जोड सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवू नका. उद्या उघडायचंय. रबर रिंगवाला बेंड घेतलात तर नुसता दाबून बसतो आणि पाणीही झिरपत नाही.

२. आत कोण कुठे? धूळ सेन्सर आणि बोर्ड पाठीला पाठ लावून केबल टायने बांधा आणि वरच्या भागात सरकवा. सेन्सरच्या छोट्या तोटीला ६ मिलीमीटरची नळी लावा आणि ती एका तोंडापर्यंत खाली आणा. नळी तोंडाच्या बाहेर लोंबू देऊ नका, वाऱ्याबरोबर आलेला पाऊस तिच्यात शिरेल. नळीला घडी पडू देऊ नका, घडीत धूळ अडकते. नळी लावायचं कारण असं की सेन्सर पाइपात सोडलेली आपलीच हवा पुन्हा ओढत बसू नये. ताजी हवा एका तोंडातून आत, वापरलेली दुसऱ्या तोंडातून बाहेर.

३. बीएमई२८० बोर्डापासून लांब. बोर्ड थोडा गरम होतो. त्याच्या शेजारी ठेवलात तर तापमान जास्त दिसेल आणि आर्द्रता कमी. आर्द्रता कमी दिसली की तुम्ही चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवाल. त्याला दुसऱ्या तोंडाजवळ, कडेपासून तीन-चार बोटं आत टांगा.

४. जाळी. दोन्ही तोंडांना स्टीलची जाळी लावा. नाहीतर आत कोळी घर करतो, आणि कुंभारीण माशी तर नळीच मातीने लिंपून टाकते. माझ्या एका सेन्सरचा आकडा आठवडाभर शून्याच्या आसपास होता. मी खूश की काय हवा आहे! उघडलं तर नळीत चिखलाचं घर. पण म्हणून कापड किंवा फार बारीक जाळी लावू नका. ती धूळच गाळून घेते आणि मग तुम्ही गाळलेली हवा मोजता.

५. वायर. पाणी वायरीवरून चालत येतं, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. म्हणून वायर पाइपात शिरण्याआधी खाली झोळ द्या, यूसारखा. पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकून जातं. ॲडॉप्टर कायम घरात. बाहेर फक्त ५ व्होल्टची केबल. तीही फार लांब आणि बारीक घेऊ नका, टोकाला व्होल्टेज पडतं आणि बोर्ड सारखा रीस्टार्ट होतो. पाच मीटरच्या वर जाणार असाल तर जाड तारेची घ्या.

६. सिलिकॉन कुठलं? भिंतीत वायर शिरते ते भोक बुजवायला सिलिकॉन लागतं. हार्डवेअरवाली म्हणून एक गुपित सांगते: ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सर्किटजवळ वापरू नका. सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर म्हणून मागा. बोर्डाच्या सोल्डरवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात दिलात तरी दमटपणापासून बराच बचाव होतो. मात्र बीएमई२८० वरच्या बारीक छिद्राला आणि धूळ सेन्सरला नेलपॉलिश लावायचं नाही.

७. ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची गच्ची तव्यासारखी तापते. पाइप पांढरा किंवा फिका करड्या रंगाचा असू द्या, काळा नको. शक्यतो छज्जाखाली, उत्तरेच्या भिंतीला लावा. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा प्लग काढून ठेवायची सवय ग्राहकाला लावा. फार तर दोन तासांचे आकडे जातील, डबा जाणार नाही.

लावायचा कुठे?

माणसाच्या डोक्यापासून पहिल्या मजल्यापर्यंतची उंची चांगली, कारण आपण श्वास तिथेच घेतो. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, एसीचं बाहेरचं युनिट, जनरेटर, तुळशीवृंदावनासमोरची उदबत्ती, यांच्यापासून लांब. काकूंच्या गच्चीवरचा माझा पहिला डबा शेजारच्या फोडणीच्या वाऱ्यात होता, हेही मला नंतर कळलं. रोज साडेदहाला आकडा उडी का मारतो, याचं उत्तर मोहरीत होतं!

आकडा खरा आहे हे कसं कळणार?

आधी सोपी चाचणी. उदबत्ती लावून नळीपासून हातभर लांब धरा. पुढच्या मोजणीत आकडा चढला पाहिजे आणि थोड्या वेळाने उतरला पाहिजे. पण यातून फक्त सेन्सर जिवंत आहे एवढंच कळतं, खरा आहे हे नाही.

दुसरी चाचणी, दोन सेन्सर शेजारी शेजारी आठवडाभर चालवा. दोघांचे आकडे बरोबरीने वर-खाली झाले पाहिजेत. अमेरिकेतली पर्पलएअर कंपनी एकाच डब्यात दोन लेझर सेन्सर बसवते ते याचसाठी. एक खोटं बोलला तर दुसरा चुगली करतो.

तिसरी, सरकारी आकड्याशी तुलना. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, आणि हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत आपलं नाशिकही आहे. गंगापूर रोडला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सतत मोजणारं केंद्र आहे, त्याचे आकडे केंद्रीय मंडळाच्या समीर ॲपवर दिसतात. तुमचा सेन्सर अंबडला असेल तर आकडा तोच येणार नाही, येऊही नये. पण चोवीस तासांच्या सरासरीचा कल सारखा आहे का, ते पंधरा दिवस लिहून बघा.

हे काम मोठ्या पातळीवर मुंबईत झालं आहे. नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ मध्ये आपल्याच राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने, आयआयटी कानपूर आणि ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजबरोबर, चार भारतीय स्टार्टअपचे ४० स्वस्त सेन्सर सरकारी केंद्रांशेजारी लावून तपासले. म्हणजे स्वस्त सेन्सर हे खेळणं नाही. पण त्या सेन्सरांनाही मोठ्या यंत्राच्या शेजारी बसवून परीक्षा द्यावी लागली, हे विसरू नका. आपण परीक्षा न देताच पास झाल्याचं सांगायचं का?

आर्द्रतेचा नियम

एसडीएस०११ च्या माहितीपत्रकात कामाची मर्यादा ७० टक्के आर्द्रता दिली आहे. पावसाळ्यात नाशिकची सकाळ ती सहज ओलांडते. हिवाळ्यात गोदाकाठी धुकं उतरतं तेव्हाही तेच.

मी काय करते सांगते. सगळे आकडे शीटमध्ये घेते, आर्द्रतेसकट. आर्द्रता ७० च्या वर गेली की ती ओळ पिवळी, ८० च्या वर गेली की राखाडी. राखाडी ओळीशेजारी लिहिलेलं असतं: "दमट हवा, हा आकडा धरू नका." इंटरनेटवर आकडा दुरुस्त करायची सूत्रं मिळतात, पण ती बहुतेक तिकडच्या हवेवर बेतलेली असतात. नाशिकच्या धुळीला आणि धुराला तशीच लावू नका.

आणखी एक मर्यादा: या सेन्सरचा पीएम १० चा आकडा पीएम २.५ इतका भरवशाचा नसतो, कारण जाडे कण तो नीट पकडत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जी खोदकामं चालली आहेत, त्यांची जाडी धूळ मोजून कुणाशी भांडायला हा सेन्सर घेऊन जाऊ नका. हराल.

आकडा आणि एक्यूआय, एक नाही

काकूंचा ३८० पाहून पालक घाबरले, कारण त्यांनी तो एक्यूआय समजला. सेन्सर देतो ते मायक्रोग्रॅम, एक घनमीटर हवेत. एक्यूआय काढायला चोवीस तासांची सरासरी लागते, आणि आपल्या देशाच्या पद्धतीत किमान तीन प्रदूषक मोजलेले असावे लागतात, त्यात एक पीएम २.५ किंवा पीएम १०. आपल्या डब्यात बाकीचे वायू मोजले जात नाहीत, म्हणून आपला डबा पूर्ण एक्यूआय देऊ शकत नाही.

ग्राहकाला हा तक्ता छापून द्या. पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी:

- ३० पर्यंत: चांगली
- ३१ ते ६०: समाधानकारक
- ६१ ते ९०: मध्यम
- ९१ ते १२०: खराब
- १२१ ते २५०: अतिखराब
- २५० च्या वर: गंभीर

भारताचं चोवीस तासांचं प्रमाण ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेलं १५. दोन्ही सांगा. आणि दोन मिनिटांचा आकडा या तक्त्यात घालू नका हे मोठ्या अक्षरात लिहा.

आता धंद्याचं बोलू

पहिल्या डब्याचं मी ५,५०० घेतले. सामान ४,५०० चं. हजार रुपये सुटले म्हणून पेढे आणले! मग चार फेऱ्या झाल्या, शेवटी पैसे परत. आजचा माझा हिशोब असा:

- सामान: ४,५००
- जोडणी आणि तपासणी, पाच तास, तासाला १५०: ७५०
- दोन फेऱ्या: ५००
- वॉरंटीसाठी बाजूला, सामानाच्या १० टक्के: ४५०
- एकूण: ६,२००

विक्री ७,५००. म्हणजे सुटतात १,३००. खरा धंदा वर्षाच्या देखभालीत आहे: मेमध्ये पावसाळ्याआधी एक फेरी, ऑक्टोबरमध्ये पावसाळ्यानंतर एक, जानेवारीत एक. जाळी साफ, नळी साफ, रबर रिंग तपासणी, दुसऱ्या सेन्सरशी तुलना. वर्षाचे १,५००. जो ग्राहक देखभाल नको म्हणतो, त्याला मी सेन्सर विकत नाही. कारण सहा महिन्यांनी तो खोटा आकडा दाखवेल, आणि नाव माझं लागेल.

तीन गोष्टी लेखी द्या. हा आकडा अंदाजासाठी आहे, सरकारी तक्रारीसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी नाही. दमट हवेतला आकडा धरायचा नाही. आणि ग्राहकाचा सेन्सर सार्वजनिक नकाशावर टाकायचा तर त्याची परवानगी हवी, त्याच्या घराची जागा दिसते. दोन-चार डब्यांपुढे जाऊन ब्रँड म्हणून विकायचं ठरवलंत, तर वायफायचं उपकरण असल्यामुळे वायरलेस मंजुरीचा प्रश्न येतो. त्याआधी जाणकार सल्लागाराला भेटा.

आणि भीती विकू नका. हवेच्या धंद्यात ते फार सोपं आहे. मोठा लाल आकडा दाखवला की माणूस पाकीट काढतो. पण तोच माणूस पावसात लाल आकडा पाहील तेव्हा पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही.

काकूंचं पुढे काय झालं?

दिवाळीनंतर मी स्वतःच गेले. नवा, बेंडवाला सेन्सर घेऊन. म्हटलं, "काकू, महिनाभर फुकट ठेवा. नाही पटला तर काढून नेते." काकू म्हणाल्या, "ठेव. पण ग्रुपवर मी काही टाकणार नाही हं."

डिसेंबरात शीट पाहताना दोघींच्या लक्षात आलं: थंडीत सकाळी लवकर आकडा चढलेला असतो आणि ऊन वर आलं की उतरतो. कारण सोपं आहे. थंड जड हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जात नाही. धुक्याच्या राखाडी ओळी सोडून दिल्या तरी हे दिसत होतं. काकूंनी मुलांना अंगणात सोडायची वेळ साडेआठवरून साडेनऊ केली. एवढंच. कुणाला घाबरवलं नाही, कुठे फोटो टाकला नाही.

मग जानेवारीच्या पालकसभेत काकूंनी स्वतःच शीट उघडून दाखवली, राखाडी ओळींसकट. त्या आईने विचारलं, "या राखाडी कशाला?" काकू म्हणाल्या, "तेव्हा त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो गप्प बसतो."

त्या सभेतून मला दोन ऑर्डरी मिळाल्या. एक त्या आईचीच.

तुमच्या सेन्सरचा फोटो आणि पहिल्या आठवड्याचे आकडे कमेंटमध्ये जरूर टाका, आर्द्रतेसकट! अडलं तर विचारा, मी दुकान बंद करून रात्री उत्तर देते. भेटू पुढच्या भागात.